आयुष्य अचानक वळलं. आता देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय?

निरंजनवाट (धागाकर्ता)

नोकरी गेली, गंभीर आजाराचं निदान झालं, ठरलेलं लग्न मोडलं, घरातलं माणूस गेलं. अशा वेळी सगळ्यांत जास्त ऐकू येणारा सल्ला एकच: देवावर भरवसा ठेव. सल्ला खोटा नाही. पण तो ऐकणाऱ्याला उद्या सकाळी उठून काय करायचं, हे त्यातून कळत नाही. मग माणूस एक तर हातपाय गाळून बसतो आणि त्यालाच भरवसा समजतो, नाही तर आतून उसवलेला असताना वरून समाधानी चेहरा धरून फिरतो.

'सगळं ठीक होईल' याच्या पुढचं इथे लिहू या. पहिल्या दिवसांत काय करावं, निर्णय कसे घ्यावेत, देवाचा राग आला तर काय, नामात मन लागेना तर काय, सोबतच्या माणसांनी काय बोलावं आणि काय टाळावं. कुठे चुकतं आणि का चुकतं, तेही लिहा. कुठल्याही परंपरेतलं चालेल.

सुरुवातीला एकच म्हणतो. मला हवं ते देव घडवून आणेल, या खात्रीला भरवसा म्हणू नये. ती अपेक्षा आहे. ती मोडली की माणूस श्रद्धाच मोडली असं समजतो, आणि बहुतेक घसरण इथूनच सुरू होते.

टिपणवही

कागदापासून सुरुवात करा असं सुचवते. गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या १४व्या श्लोकात कोणत्याही कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव पाचवं आहे, एकमेव नाही. संकटाच्या काळात ही मांडणी फार उपयोगी पडते.

एका पानावर पाच ओळी करा. अधिष्ठान म्हणजे आधार. शांकरभाष्यात त्याचा अर्थ शरीर असा घेतला आहे. इथे झोप, जेवण, औषधं लिहा. कर्ता: मला स्वतःला कोणता निर्णय घ्यायचा आहे. करण: मूळ अर्थ इंद्रियं, पण वापरापुरतं साधनं म्हणा. हातात असलेली कौशल्यं, पैसे, कागदपत्रं, मदत करू शकणारी माणसं. चेष्टा: या आठवड्यात प्रत्यक्ष करायच्या हालचाली, तीनपेक्षा जास्त नकोत. दैव: उरलेलं सगळं, म्हणजे तपासणीचा निकाल, समोरच्याचं मन, बाजाराची स्थिती, गेलेला काळ. प्रार्थनेला बसताना या पाचव्या ओळीतली एकेक गोष्ट नाव घेऊन देवापुढे ठेवायची. 'सगळं तुझ्यावर सोडलं' असं मोघम म्हटलं तर मनातून काहीच सुटत नाही. 'मंगळवारी येणारा रिपोर्ट तुझ्यावर सोडला' म्हटलं की काय सोडलं ते मनाला कळतं.

चुका दोन प्रकारच्या होतात. पहिली, चेष्टेतली गोष्ट दैवाच्या ओळीत जाते. डॉक्टरकडे जाणं पुढे ढकलायचं आणि त्याला श्रद्धा म्हणायचं, हे त्यातलंच. दुसरी चूक उलट दिशेची आणि माझ्या मते जास्त घातक: दैवाची गोष्ट स्वतःच्या नावावर लिहिली जाते. 'मी त्या दिवशी फोन केला असता तर' हे वाक्य कर्त्याच्या ओळीत बसतच नाही, कारण त्याला आता कोणतीही कृती जोडता येत नाही. जिच्यापुढे कृती लिहिता येत नाही ती गोष्ट पाचव्या ओळीत. मन ऐकणार नाही. रोज पुन्हा तिथेच लिहावी लागेल.

साधाप्रश्न

वाचतोय. टिपणवही, हे रोज करायचं का?

टिपणवही

पहिले दोन आठवडे रोज, दहा मिनिटांत. नंतर आठवड्यातून एकदा पुरे. वेळ शक्यतो सकाळची ठेवा. रात्री थकलेल्या मनाने लिहिलं की पाचवी ओळ पानभर होते आणि चेष्टेची रिकामी राहते.

उत्तररात्र

रागाबद्दल लिहितो, कारण तो दाबला की बाकी कुठलीच साधना टिकत नाही.

भक्तिपरंपरांमध्ये देवाकडे तक्रार करायला जागा आहे, आणि ती मोठी आहे. तुकोबांचा 'माझे लेखी देव मेला' असं म्हणणारा अभंगही गाथेतच आहे, तो कुणी बाजूला काढलेला नाही. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं १३वं स्तोत्र घ्या. जेमतेम सहा ओव्यांचं, त्यातल्या पहिल्या दोनांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो. त्याची बांधणी साधी आणि उचलण्यासारखी आहे: आधी हाक, मग तक्रार, मग मागणं, आणि शेवटी भरवशाचं वाक्य.

कृती अशी. दार लावून बसा, पंधरा मिनिटं ठरवून घ्या. देवाला थेट 'तू' म्हणा. तक्रार नेमकी करा. 'माझंच नशीब असं का' पेक्षा 'तू हे होऊ दिलंस, मला हे अन्यायाचं वाटतं' असं. मोठ्याने बोलणं जमत नसेल तर लिहा. मग एक मागणी करा, आजच्यापुरती: झोप, धीर, उद्याच्या भेटीत बोलायचे शब्द. शेवटचं भरवशाचं वाक्य मनातून येत असेल तरच म्हणा. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, त्यात शेवटी उजेडाची ओळ नाही, तरी ते प्रार्थनांच्या संग्रहात आहे. कारण बोलणारा अजून देवाशीच बोलतो आहे.

बिघडतं कुठे? तक्रारीतून हाक आणि मागणं गळून पडतं तिथे. मग देवाशी बोलणं थांबतं आणि तेच वाक्य डोक्यात फिरत राहतं. पंधरा मिनिटांनी तेच वाक्य तिसऱ्यांदा आलं की उठा, हातापायांचं काम करा. भांडी घासा, चाला. उरलेलं उद्याच्या बैठकीला.

साधाप्रश्न

पण देवावर असं रागावणं पाप नाही का? लहानपणापासून उलट शिकवलेलं असतं.

उत्तररात्र

बायबलमधल्या ईयोबाची, त्या दुःखात सापडलेल्या सज्जन माणसाची कथा शेवटपर्यंत वाचा. तो अध्यायामागून अध्याय देवाशी वाद घालतो. त्याचे मित्र देवाची बाजू मांडतात, तुझंच काही तरी चुकलं असेल असं त्याला समजावतात. शेवटी, ४२व्या अध्यायात, देवाचा कोप होतो तो मित्रांवर. माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, असं देव त्यांना सुनावतो. आदर आणि राग एकत्र राहू शकतात. ज्याच्याशी नातं संपलं त्याच्याशी कुणी भांडत नाही.

कासव

निर्णयांविषयी. हा भाग सगळ्यांत जास्त नुकसान करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पुढे ख्रिस्ती संत म्हणून ओळखला गेलेला इग्नेशियस लोयोला १५२१मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने जखमी झाला, आणि अंथरुणाला खिळलेल्या त्या काळात मनात येणाऱ्या-जाणाऱ्या भावांचं निरीक्षण करत बसला. त्यातून पुढे त्याने विवेकाचे नियम लिहिले. त्यातला एक आपल्या विषयाला थेट लागू आहे: मन विरस, अंधारलेलं असताना आधी ठरवलेल्यात बदल करू नये, उजेड असताना जे ठरवलं होतं त्यावर टिकून राहावं. पुढचा नियमही तितकाच महत्त्वाचा आहे. अशा वेळी निर्णय बदलायचा नाही, पण स्वतःत बदल करायचा: प्रार्थना, आत्मपरीक्षण थोडं वाढवायचं.

व्यवहारात निर्णयांचे दोन गठ्ठे करा. पहिल्यात मुदत असलेले: उपचार सुरू करणं, कायदेशीर उत्तर देणं, हप्ता भरणं. हे थांबवू नयेत. मात्र एकट्याने घेऊ नयेत. दोन माणसं ठरवा, एक त्या विषयातलं जाणकार आणि एक तुमचा स्वभाव ओळखणारं. दुसऱ्या गठ्ठ्यात मुदत नसलेले: घर विकणं, नातं तोडणं, आहे ती नोकरी सोडणं, दीक्षा घेणं, सगळं सोडून निघून जाणं. यांच्यावर तारीख टाकून बाजूला ठेवा. पुन्हा उघडायची अट म्हणजे झोप आणि भूक जागेवर आलेली असावी, आणि सलग काही दिवस सकाळी व संध्याकाळी विचारल्यावर मन एकच उत्तर देत असावं. सकाळी होय, संध्याकाळी नाही असं चाललं असेल तर अजून वेळ झालेली नाही.

संकेत शोधण्यापासून जपा. चिठ्ठ्या टाकणं, ग्रंथाचं कुठलंही पान उघडून उत्तर शोधणं, योगायोग जुळवणं. हादरलेलं मन हवा तो संकेत कुठेही पाहू शकतं, आणि नको तो आला तर पुन्हा चिठ्ठी टाकतं. संकेत मिळाला असं खरंच वाटलं तर लिहून ठेवा आणि वरच्या दोन माणसांपुढे ठेवा. देवाकडून आलेलं असेल तर एका आठवड्याच्या वाट पाहण्याने ते पुसलं जात नाही.

मौनी

वरचं सगळं उपयुक्त आहे, पण मला एक काळजी वाटते. तक्ते, गठ्ठे, मुदती. यात शरण जाणं कुठे आहे? सगळं आपणच सांभाळायचं असेल तर देवाला फक्त साक्षीला बसवल्यासारखं होतं.

वैष्णव परंपरेत शरणागतीची सहा अंगं सांगितली आहेत: देवाला अनुकूल असेल ते करण्याचा संकल्प, प्रतिकूल असेल ते सोडणं, तो रक्षण करील हा विश्वास, रक्षणकर्ता म्हणून त्यालाच निवडणं, स्वतःला सोपवून देणं, आणि कार्पण्य, म्हणजे माझ्याने होत नाही ही दीन कबुली. संकट आलं की लोक तिसऱ्या अंगावर उडी मारतात. विश्वास बळेच निर्माण करायला बघतात, तो येत नाही, आणि मग स्वतःलाच दोष देतात. माझ्या मते सुरुवात कार्पण्यापासून करावी. 'मला कळत नाही, मला जमत नाही, मला तुझी गरज आहे.' एवढी कबुली विश्वास नसतानाही प्रामाणिकपणे देता येते. संकल्प आणि वर्जन ही रोजच्या वागण्याची अंगं: या संकटात मी खोटं बोलणार नाही, कुणाचं वाईट चिंतणार नाही. विश्वास यांच्या मागून हळूहळू येतो, आणि ओढून आणावा लागत नाही.

टिपणवही

मौनी, कार्पण्यापासून सुरुवात हे अगदी पटलं. पण शरणागती आणि निर्णय एकमेकांविरुद्ध आहेत असं गीता म्हणत नाही. 'मामेकं शरणं व्रज' हा अठराव्या अध्यायातला ६६वा श्लोक. त्याच्या तीनच श्लोक आधी, ६३व्यात, श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. 'यथेच्छसि तथा कुरु.' शरण ये म्हणणाऱ्यानेच निर्णय अर्जुनाच्या हातात ठेवला आहे. हदीसमध्येही असंच आहे. उंट बांधू की मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू, असं विचारणाऱ्याला पैगंबरांनी उत्तर दिलं: आधी बांध, मग भरवसा ठेव.

मौनी

मान्य. फरक इतकाच ठेवते की बांधणं झाल्यावर रात्रभर उठून गाठ तपासत बसायचं नाही. दिवसाचं काम संपलं की 'आजचं माझं झालं' असं स्पष्ट म्हणून वही मिटायची. बहुतेकांचं अडतं ते इथे.

वैष्णवांतही यावर जुना मतभेद आहे. माकडिणीचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजरीच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. दोन्ही बाजूंना थोर आचार्य होऊन गेले. आजारात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पहिला मार्ग सांगणं क्रूरपणा होतो, आणि धडधाकट माणसाने दुसऱ्याच्या आड लपणं हा आळस होतो. अंगात बळ किती आहे ते पाहून सांगावं.

सांजवेळ

सोबत असणाऱ्यांसाठी.

ईयोबाच्या मित्रांनी एक गोष्ट अतिशय योग्य केली होती. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत. बिघडलं ते बोलायला लागल्यावर. म्हणून पहिल्या भेटीत कारण सांगू नका. गेल्या जन्मीचं कर्म, देव परीक्षा पाहतो, त्याच्या लाडक्यांनाच दुःख देतो, यातलं काहीही नको. ही वाक्यं बोलणाऱ्याची अस्वस्थता कमी करतात, ऐकणाऱ्याची वाढवतात. कर्मसिद्धान्त मानत असाल तरी तो स्वतःच्या आयुष्याला लावा. दुसऱ्याच्या दुःखावर त्याचा निकाल देऊ नका.

तुकोबांचा 'बरें झालें देवा निघालें दिवाळें' हा अभंग अशा वेळी हमखास ऐकवला जातो. तो अवश्य वाचावा, पण कुणी आणि केव्हा म्हटला ते लक्षात ठेवून. १६३०च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, धंदा बुडाला, मान गेला. 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' हेही त्यांनीच लिहून ठेवलं आहे, काही न लपवता. 'बरें झालें' हे मागे वळून म्हटलेलं आहे, आणि स्वतःबद्दल म्हटलेलं आहे. दुसऱ्याच्या वतीने, पहिल्याच आठवड्यात ते म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

काय करावं, तर 'काही लागलं तर सांग' म्हणू नका. दुःखातल्या माणसाला काय लागतं ते सुचत नाही. नेमकं विचारा: गुरुवारी दवाखान्यात मी येऊ का, मुलांना शाळेतून मी आणू का. प्रार्थना करतो असं म्हणालात तर खरंच करा, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुन्हा जा. तेव्हा बाकीचे येणं थांबलेलं असतं.

निरंजनवाट

सांजवेळ, शेवटच्या मुद्द्याला +१.

नामात मन लागत नाही, यावर अजून कुणी लिहिलेलं नाही. नेहमी जप करणाऱ्यांचाही या काळात तुटतो.

मौनी

कमी करा, पण सोडू नका. नेहमी अर्धा तास बसत असाल तर पाच मिनिटं. माळ १०८ची होत नसेल तर अकरा मणी. जागा आणि वेळ मात्र तीच ठेवा, कारण या काळात मनाचा नाही तर सवयीचाच आधार असतो. शब्द सुचत नसतील तर पाठ असलेलं काही मोठ्याने म्हणा. डोळे मिटल्यावर तीच दृश्यं दिसत असतील तर डोळे उघडे ठेवून वाचा, नाही तर नाम लिहा. भाव नाही म्हणून जप खोटा ठरत नाही.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे घाबरून मोठा संकल्प करणं. सव्वा लाख जप, कडक उपास. शरीर आधीच खचलेलं असतं, काही दिवसांत खंड पडतो, आणि मूळ दुःखावर संकल्प मोडल्याची भीती चढते. असा संकल्प करून बसला असाल तर देवापुढे साध्या शब्दांत कमी करून घ्या. 'हे झालं तर मी ते करीन' या बोलीवर साधना उभी केली की ते झालं नाही त्या दिवशी साधनाही जाते.

कासव

एक गोष्ट ठळकपणे नोंदवतो. उदासी किंवा कशातच रस नसणं दिवसाचा बहुतेक वेळ, रोज, दोन आठवडे टिकलं आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं, मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. जवळच्याच्या मृत्यूनंतर सहा महिने उलटूनही तीव्र ओढ तशीच राहून रोजचं जगणं अडून बसलं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याला वेगळं निदान आहे आणि त्यावर उपचार आहेत. जीव नकोसा झाल्याचे विचार आले तर वाट पाहू नका, त्याच दिवशी एका माणसाला सांगा आणि दवाखाना गाठा. औषध घेणं ही श्रद्धेतली उणीव नाही.

देवाने टाकलं ही भावनाही हलकी समजू नये. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५५ वर्षांवरच्या ५९६ आजारी व्यक्तींचा दोन वर्षं मागोवा घेतला होता. देवाने आपल्याला सोडलं असं वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका जास्त आढळला. त्यावरून कारण-परिणाम सिद्ध होत नाही, पण ही भावना कुणाजवळ तरी बोलायला हवी एवढं नक्की.

आणि याच काळात फसवणारे भेटतात. औषध बंद करायला सांगणारा, घरच्यांपासून लपवायला सांगणारा, पैशांशिवाय दोष जाणार नाही म्हणणारा. तिघांपैकी एक जरी खूण दिसली तरी तिथून उठा.

साधाप्रश्न

सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न उरलेत. भरवसा रुजतो आहे हे ओळखायचं कसं? आणि ज्या वळणाला शेवटच नाही, म्हणजे कायमचा आजार किंवा परत न येणारं माणूस, तिथे मागणं चालू ठेवायचं की थांबवायचं?

टिपणवही

पहिल्याचं उत्तर भावनेत शोधू नका, ती रोज बदलते. वागण्यात पाहा. 'मला माहीत नाही' हे वाक्य घाबरून न जाता म्हणता येतं. निकाल आला नसतानाही आजचं काम होतं. दुसऱ्याच्या दुःखाकडे पुन्हा लक्ष जातं. प्रार्थनेत 'का' कमी होतो आणि 'आता काय करू' वाढतं. यातलं एखादं आठवड्यातून एकदा दिसलं तरी ते मोजा.

उत्तररात्र

दुसऱ्याबद्दल: मागणं चालू ठेवावं. गेथशेमाने बागेत येशूने तेच मागणं तीन वेळा केलं, हा दुःखाचा प्याला टळो म्हणून, आणि प्रत्येक वेळी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो असंही म्हटलं. दोन्ही वाक्यं एकाच प्रार्थनेत आहेत. येशूचा प्रेषित पौल याने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवलं; काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे असं उत्तर मिळालं. मागणं थांबवलं की बोलणंही थांबण्याचा धोका असतो. कायमच्या आजारात मी असं सुचवेन: मोठी मागणी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, मनापासून. रोजच्या प्रार्थनेत फक्त त्या दिवसाचं. आज वेदना सोसवावी, आज चिडू नये.

टिपणवही

त्याला जोडून: कायमच्या दुःखात ते पाच ओळींचं पान महिन्यातून एकदा कोरं घेऊन नव्याने लिहा. जुनं पान समोर न ठेवता लिहा, नंतर दोन्ही शेजारी ठेवा. दैवाच्या ओळीतली एखादी गोष्ट चेष्टेत आलेली दिसते, उदाहरणार्थ नवा उपचार किंवा नवी मदत. कधी उलटही होतं, आणि चेष्टेतली एखादी गोष्ट आता सोडायची वेळ आलेली असते. ती सोडण्याआधी कासव म्हणतात त्या दोन माणसांशी बोलून घ्या.